सारवलेली जागा

पिंपरी
ता. २० जानेवारी १९५७

चि. सौ. सुभद्रा हिस अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. वाचून तूच म्हणशील, यांचं काय जातंय खोटं लिहायला.

दौलतरावांचं कार्ड पोचलं. तुझे थोरले भाऊ म्हणून मी त्यांना मान देतो, पण असला मजकूर उघड्या कार्डावर लिहितात का गं? पोस्टमनने वाचला, चाळीच्या तोंडाशी विड्या ओढत बसतात त्यांनी वाचला, मग माझ्या हातात आला. "सुभद्रा नांदायला येणार नाही म्हणते. अक्षय तृतीयेला चार जाणती माणसं बसवून काडीमोड करून टाकू. आपण यावे." लग्नाचं आमंत्रण असावं तसं, आपण यावे!

म्हणून हे बंद पाकीट. तू तिसरीपर्यंत शिकली आहेस, अक्षर लावून लावून का होईना, पण स्वतः वाच. दौलतरावांकडे देऊ नकोस.

मला एवढंच विचारायचं आहे, माझं चुकलं काय? मैना गेली ती आपल्या दोघांची गेली. दोन वर्षांची व्हायला एक महिना कमी होता, हे मला काय माहीत नाही? त्या दिवशी गौरी यायच्या होत्या. चाळीत दारोदार रांगोळ्या, गौरीची पावलं, आणि आपलंच दार ओकंबोकं. तू भिंतीला टेकून सकाळपासून त्या मोकळ्या जागेकडे बघत बसलेली. लग्न झाल्यापासून सडा-रांगोळीशिवाय तुझा दिवस उजाडल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, हिला तेच हवं आहे, अंगात त्राण नाही म्हणून उठत नाही. म्हणून तुझा डबा घेऊन मी बसलो आणि काढली. समोरच्या दारातलं बघून बघून काढली. वाकडीतिकडी असेल, पण काढली ना?

तू उठून बघितलंस. दोन लुगडी गाठोड्यात बांधलीस आणि चाकणच्या एसटीला जाऊन उभी राहिलीस. मी मागं मागं आलो, कुठं निघालीस म्हणून चारदा विचारलं. तुला मी दिसतच नव्हतो. भांडली असतीस तर बरं झालं असतं. माणसाला कळतं तरी कशाला तोंड द्यायचं.

आणखी एक, लिहावं की नाही कळत नाही. हल्ली मी रोज रांगोळी काढतो. दारात नाही, आत खोलीत, मोरीच्या अलीकडे. का काढतो विचारू नकोस, मलाच सांगता यायचं नाही. डबा फळीवर दिसला, किती उरली आहे बघू म्हणून उघडला, आणि भानावर आलो तेव्हा कामावर जायची वेळ टळून गेली होती.

उत्तर लिही.

मालोजी


पिंपरी
ता. १० फेब्रुवारी १९५७

चि. सौ. सुभद्रा हिस आशीर्वाद.

उत्तर नाही. बरं. मी लिहितो.

कारखान्यात पत्र्यावर आखतो तसंच मी जमिनीवर आखतो. मध्ये खिळा ठोकायचा, सुतळी बांधायची, दुसऱ्या टोकाला खडू. वर्तुळ असं येतं की आमच्या उद्धवराव मिस्त्रींनी मापून बघावं. मग त्यावर रांगोळी सोडायची. पण मधोमध खिळ्याचं भोक राहतं. रोज तिथंच ठोकून ठोकून ते आता करंगळी जाईल एवढं झालं आहे, आणि सगळं काढून झालं की नजर जाते ती तिथंच. तुझ्या रांगोळीला भोक कधी नव्हतं. तू आधी ठिपके मांडायचीस आणि सगळं आपोआप गोल व्हायचं. ते कसं, हे सहा वर्षांत एकदाही मी थांबून बघितलं नाही. वरून टांग टाकली आणि गेलो कामावर.

शेजारच्या छबूबाईंनी मला पकडलं. त्याच, बीडकडच्या, लेकाच्या नोकरीपायी इकडे आलेल्या, तुझ्याकडे वरवंटा मागायला यायच्या. दार उघडं होतं. डोकावून म्हणाल्या, "काय करायलाव भाऊ? पत्रा कापायलाव का रांगोळी काढायलाव?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हसल्या नाहीत. त्यांचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली, त्यामुळे रांगोळीच्या डब्याला हात लावत नाहीत. हात पाठीमागं बांधून दारात उभ्या राहतात आणि तोंडानं शिकवतात. "चिमूट सैल सोडा. कालवणात मीठ घालायलाव का? बोटं हलू द्या, मनगट नको." परवा एक रेघ नीट आली तर "हां, आता मान्सावानी झाली" म्हणाल्या. मला पगारवाढ मिळाल्यागत वाटलं, वेड्यासारखं.

आता मुद्द्याचं. त्यांनीच विचारलं, वहिनी गेल्या त्या दिवशी दारात रांगोळी कोणी काढली होती? मी म्हटलं, मी. त्यांनी कपाळाला हात लावला. "अवो भाऊ, सुतकात? सुतकात कुणी दारात रांगोळी काढतं का?"

सुभद्रा, देवाशपथ सांगतो, मला माहीत नव्हतं. गडीमाणसाला हे कोण सांगतं? आमच्या घरी कुणी गेलं की मला खांदा द्यायला पाठवायचे, लाकडं आणायला पाठवायचे. दारात काय आहे, काय नाही, ते बायका बघायच्या. तुला वाटलं असेल, घरात पोर गेली आणि हा सण करतोय. तसं नव्हतं गं. पण एवढ्यावरून कोणी नवरा सोडतं का? सोडत असतीलही. माझं डोकं चालत नाही.

कारखान्यात सगळ्यांना कळलं आहे. "मालोजीराव, आमच्या दारात पण काढून द्या, दिवाळी जवळ आली" म्हणतात. फेब्रुवारीत! म्हणेनात. मी काढणं सोडत नाही.

मालोजी


पिंपरी
ता. ३ मार्च १९५७

चि. सौ. सुभद्रा हिस आशीर्वाद.

आज सुट्टी. सकाळी काढली, पुसली, पुन्हा काढली.

तुला गंमत सांगतो. गंमत म्हणू की काय म्हणू. काढत असताना मला मैनेचा चेहरा आठवत नाही. आधी वाटलं, हे काय झालं, बाप आहे का कोण आहे मी. पण तिचा उजवा कान आठवतो. त्याच्या पाळीमागं तिळाएवढा डाग होता. मग तू टोपडं बांधायचीस तेव्हा ती मान कशी हलवायची ते आठवतं. एकेक पाकळी भरत जातो तसं एकेक येतं, आणि शेवटच्या पाकळीशी थांबतं. त्याच्या पुढचं काही आहे, ते येत नाही. कधी रडू येतं, कधी चक्क हसू येतं, आणि दोन्हीचं कारण विचारशील तर सांगता येत नाही. काढून उठलो की मात्र भाकरी खाववते. गौरींपासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

छबूबाईंना विचारलं, हे असं होतं का हो? त्यांनी त्यांच्या खोलीत बोलावलं आणि परात दाखवली. भाकरीला पीठ घेतात ना, ते आधी परातीत सारखं पसरतात आणि बोटानं त्यात काढतात. ठिपके, पाकळ्या, भोवतीनं वेल. झालं की जरा बघतात आणि पाणी ओतून मळून टाकतात. दहा वर्षं, रोज! घरात कुणालाही ठाऊक नाही. सुनेला वाटतं सासूबाईंना पीठ मळायला वेळ लागतो. रांगोळीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं, पिठाचं कुणी काही बोललं नव्हतं, असं म्हणाल्या आणि मला डोळा मारल्यासारखं हसल्या.

मी म्हटलं, एवढं सुरेख मोडताना वाईट नाही वाटत? म्हणाल्या, "वाईट वाटायचं ते काढतानाच वाटून जातंय. मळायला घेतलं की मग भूक लागती."

तू चाकणला काय करतेस? कांदे भरायला जातेस का दौलतरावांबरोबर? की भिंतीला टेकून बसतेस? एवढं तरी कळव.

मालोजी


पिंपरी
ता. २४ मार्च १९५७

सुभद्रा,

आता मला कळलं तू का गेलीस. घाईत लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच.

छबूबाई म्हणाल्या, नुसत्या सुतकातल्या रांगोळीनं बाई संसार टाकून जात नाही, ओरडते फार तर. त्या दिवशी काय काढलं होतं ते तसंच मला काढून दाखवा. आज दुपारी मी उंबऱ्यावर बसलो, त्या दिवशी बसलो होतो तसाच. आधी एक चौकट काढली. मग गौरीची पावलं. मूठ पिठाच्या पाण्यात बुडवून तिची कड टेकवायची आणि वर बोटानं पाच ठिपके द्यायचे, हे मी त्या दिवशी समोरच्या दारात बघून घेतलं होतं. एक डावं, एक उजवं, माझ्यापासून पुढं पुढं काढत गेलो.

छबूबाई बाहेरच्या अंगाला उभ्या होत्या. त्या एकदम खाली बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, बोटं कुनीकडं हायत?"

मी बघितलं. मी आत बसलो होतो, तोंड बाहेर. माझ्या हाताला जसं आलं तसं मी काढलं. समोरच्या दारातली पावलं घरात येत होती. माझी बाहेर चालली होती. उंबऱ्यापासून पार रस्त्यापर्यंत, एवढी एवढी पावलं.

मैनेचा पाय तेवढाच होता.

मी ती पुसली. तळव्यानं पुसली, मग सदरा काढून पुसली. लोक बघत होते, बघू देत. सुभद्रा, मी मुद्दाम नाही केलं. लेक गेल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी तिच्या आईच्या डोळ्यापुढं असलं कोण मुद्दाम काढेल? तू तेवढं बघून गेलीस, आणि मी सहा महिने विचारत बसलो माझं चुकलं काय.

आता दौलतरावांना सांग, चूक कळली म्हणावं. मी येऊन तुझ्या पाया पडतो, चार माणसांसमोर पडतो. तू परत ये. अक्षय तृतीयेला महिना-सव्वा महिना राहिला आहे.

चूक सापडली म्हणजे मन हलकं व्हायला हवं होतं ना? का होत नाही मग? मशीन उघडून बिघाड दुरुस्त करावा आणि तरी आवाज येतच राहावा, तसं झालंय.

मालोजी


पिंपरी
ता. ७ एप्रिल १९५७

सुभद्रा,

हे पत्र तीनदा फाडलं. हे चौथं. आता फाडणार नाही.

पाडवा झाला. मी गुढी उभारली नाही, दारात काही काढलं नाही. एवढं शिकलो.

मी रांगोळी काढायला बसलो की पाकळ्या बाराच येतात. छबूबाई म्हणतात आठ काढा, सोळा काढा, तेच ते काय काढायलाव. हात बारावरच जातो. आणि अकरा भरल्या की बाराव्या पाकळीशी मी थांबतो, हे तुला लिहिलंच होतं. परवा सकाळी असाच थांबलो आणि एकदम कळलं की हे मी आधी काढलेलं आहे. घरात नाही. कारखान्यात. त्या दिवशी.

आता सरळ सांगतो.

मैनेचा घसा घरघरायला लागला आणि तू मला म्हणालीस, चिंचवडला जा, डॉक्टरला सायकलवर बसवून आणा, कुठं थांबू नका. मी निघालो. वाटेत कारखाना लागतो, म्हटलं रजा सांगून जावं. उद्धवरावांना सांगितलं. ते म्हणाले, अरे मग उभा का आहेस, पळ. त्यांनी अडवलं नाही, हे लक्षात ठेव. त्यांच्यावर काही नाही.

माझ्या बाकावर आदल्या दिवशीची एक लोखंडी चकती होती. तिच्यावर बारा भोकं आखायची होती, वर्तुळात, सारख्या अंतरावर. सहा आखून झालेली. मी म्हटलं, एवढं एक पुरं करतो. मग पुढचं केलं. मग पुढचं. सुभद्रा, घरात ती घरघर होती, तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, आणि मला काय करावं ते कळत नव्हतं. आणि इथं काय करायचं ते कळत होतं. इथं सगळं बरोबर बसत होतं. मला तिथून उठवेना. भीती वाटत होती म्हणून उठवेना. अकरा झाली, मग बारावं. तास गेला. तासापेक्षा जास्तच.

मग मी डॉक्टरकडे गेलो. ते दवाखान्यात होते. लगेच निघाले. त्यांनी घसा बघितला आणि पुण्याला न्या म्हणाले, आणि टांगा दारात येईपर्यंत ती राहिली नाही.

तुला मी सांगितलं, डॉक्टर नव्हते, वाट बघत बसलो. ते खोटं होतं.

तो तास वाचवला असता तर ती जगली असती का, हे मला माहीत नाही. कुणाला विचारायचं धाडसही नाही. रोज सकाळी मी जे काढतो, ज्यानं मला बरं वाटतं, तेच काढत मी त्या दिवशी बसलो होतो. मग हे चांगलं की वाईट? यानं मी बरा होतोय, की पुन्हा तिथंच जाऊन लपतोय? छबूबाईंना नाही विचारलं. त्यांना हे सांगितलं तर त्या दारात उभ्या राहायच्या नाहीत.

परत ये म्हणत नाही. मागच्या पत्रात म्हटलं होतं ते सोड. अक्षय तृतीयेला मी येतो आणि त्या चार माणसांपुढं हे सगळं असंच सांगतो. मग त्यांनी मोकळं करायचं तर करावं.

मालोजी


चाकण
ता. २१ एप्रिल १९५७

मायना काय लिवावा ते कळंना, म्हनून लिवत न्हाई.

तुमची पाची पत्रं पोचली. अक्षर लावून लावून वाचली. दादाला दिली न्हाईत.

पावलं उलटी काढली म्हनून मी गेले न्हाई. ती बघितली तवाच मला कळलं, गडीमानूस जसा बसंल तसा काढंल. खरं सांगू, मला तर वाटलं की बरूबर हायत. पोर भाएरच गेली हुती.

डाक्टर आले तवा उंबरा वलांडताना मला म्हनले, सकाळधरनं दवाखान्यातच हाय, एवढा उशीर का केला बाई? तुमी मागं सायकल लावत व्हता. तुमी आत आला आन म्हनला, डाक्टर न्हवते. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. म्हनलं आत्ता न्हाई, मागनं सांगतील. मी रोज वाट बघितली. भिंतीला टेकून मी रांगूळीसाठी बसले न्हवते. तुमी बोलाल म्हनून बसले व्हते. आन तुमी डबा घिऊन रांगूळी काढाया बसला. मग माझ्यानं तितं ऱ्हाववलं न्हाई.

डाक्टरला म्या इचारलं व्हतं. हितं येताना चिंचवडाला उतरून इचारलं. ते म्हनले, तासानं वाचली असती का ते मला बी सांगता यायचं न्हाई. मंग कुनाला सांगता येनार?

कवा वाटतं तुमीच मारली. कवा वाटतं मी बी लई भ्याले व्हते, मला उठून जाया एकादी जागा असती तर मी बी जाऊन बसले असते. दोनी वाटतं, एकाच दिसात वाटतं. काय खरं ते मला बी कळत न्हाई.

दादाला सांगितलं, चार मानसं बसवू नगा. त्यो लई तापला. म्हनलं, ज्यांचं मानूस गेलं त्यांनी आधी बसावं, मंग बाकीच्यांनी. तवा तुमी अक्षय तृतीयेला हिकडं येऊ नगा. कुनापुढं सांगायचं न्हाई. मला सांगितलं तेवढं बास.

बेस्तरवारच्या एसटीनं मी येते. नांदाया येते असं धरू नगा. छबूबाईस्नी म्हनावं, परातीतलं मला दाखवा.

खिळ्याचं भोक मातीनं बुजवा. घर आन दारापुढची जागा सारवून ठेवा, पर तितं काय बी काढू नगा. एक ठिपका सुदीक नगं. मी आधी बसून बघनार हाय. तुमी बी शेजारी बसा.

सुभद्रा